१७ वर्षांखालील विश्वचषकात उद्याचा खेळाडू कसा ओळखावा

२००९ साली नायजेरियात झालेल्या फुटबॉलच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात ब्राझीलच्या संघात नेमार, कुटिन्यो, कासेमिरो आणि गोलरक्षक ॲलिसन हे पुढे जगभर नावाजलेले चौघेही होते, आणि तो संघ साखळीतच गारद झाला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा ‘गोल्डन बॉल’ नायजेरियाच्या सानी इमॅन्युएलला मिळाला. आज त्याचे नाव आकडेवारीचा नाद असलेल्यांपलीकडे फारसे कोणाला आठवत नाही. यावरून, कुमारवयीन मुलांच्या स्पर्धेतून काहीच कळत नाही असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. तो निष्कर्ष बरोबर नाही, कारण हाच पुरस्कार २००३ मध्ये सेस्क फाब्रेगासला, २००७ मध्ये टोनी क्रूसला आणि २०१७ मध्ये फिल फोडनला मिळाला होता, आणि हे तिघेही पुढे अव्वल खेळाडू ठरले. या स्पर्धेतून बरेच कळते, परंतु ते बक्षिसांच्या यादीतून किंवा गोलांच्या तक्त्यातून कळत नाही. मुलगा चेंडू येण्याआधी आणि चेंडू गेल्यानंतर काय करतो, आणि स्पर्धा संपल्यावर पुढच्या तीन वर्षांत त्याला कोठे व किती खेळायला मिळते, या दोन गोष्टी पाहणाऱ्याचा अंदाज सहसा फार चुकत नाही.

पुढील मार्गदर्शन प्रशिक्षक, पालक, क्रीडा विषयावर लिहू पाहणारे तरुण आणि चोखंदळ प्रेक्षक यांच्यासाठी आहे. उदाहरणे मुख्यतः २०१७ च्या विश्वचषकातील घेतली आहेत. त्या स्पर्धेतील काही सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आणि मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर झाल्याने महाराष्ट्र-गोव्यातील अनेकांनी ते प्रत्यक्ष पाहिले, आणि त्या वेळी बांधलेले अंदाज तपासून पाहण्याइतका काळही आता लोटला आहे.

सामन्याआधी: यादी आणि जन्मतारीख

पहिले काम मैदानावरचे नाही. संघांची यादी जाहीर झाली की प्रत्येक नावापुढे जन्माचा महिना व वर्ष, क्लबचे नाव, आणि तो मुलगा क्लबच्या वरिष्ठ संघातून एखादा तरी सामना खेळला आहे का, एवढे लिहून ठेवावे. २०१७ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेला खेळाडू पात्र होता. सोळा-सतरा या वयात वर्षभराचे अंतर म्हणजे उंची, वजन, धाव आणि खांद्याची ताकद या सगळ्यांतच मोठी तफावत असते. जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाला धक्का देऊन चेंडू काढून घेतो तेव्हा त्यातले कौशल्य किती आणि अकरा महिन्यांचा फायदा किती, हे तारीख समोर असल्याशिवाय सांगता येत नाही. निवड समित्याही या फायद्याला भुलतात, आणि म्हणूनच जगभरच्या वयोगट संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्या मुलांचा भरणा अधिक आढळतो.

वयचोरीचा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी फुटबॉलची जागतिक संघटना असलेल्या फिफाने २००९ पासून या स्पर्धेत मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली, ज्यात हाताच्या हाडाची वाढ पूर्ण झाली आहे का हे पाहिले जाते. मात्र या तपासणीतून उत्तीर्ण झालेल्या दोन मुलांच्या शरीराची वाढ सारखीच झालेली असते असे मुळीच नाही. मिसरूड फुटलेला, दणकट बांध्याचा आघाडीपटू आणि अजून आवाजही न फुटलेला मधल्या फळीतला मुलगा एकाच संघात, अगदी एकाच महिन्यात जन्मलेले असू शकतात. पहिल्याचे यश वीस टक्के कमी धरून पाहावे आणि दुसऱ्याचे तेवढेच वाढवून, असा माझा ढोबळ ठोकताळा आहे. त्याला शास्त्राचा आधार नाही, परंतु त्यामुळे नजर ताळ्यावर राहते.

वयोगटापेक्षा लहान असूनही खेळणाऱ्या मुलांच्या नावाखाली रेघ ओढावी. जपानचा ताकेफुसा कुबो आणि भारताचा जीक्सन सिंग हे दोघेही जून २००१ मध्ये जन्मलेले, म्हणजे बहुतेक प्रतिस्पर्ध्यांहून लहान होते. विशेष म्हणजे त्या काळी ही स्पर्धा दर दोन वर्षांनी होत असल्याने २००१ मध्ये जन्मलेल्या मुलांना ‘आपल्या’ वयाची स्पर्धा मिळतच नव्हती. २०१७ मध्ये ती लहान होती आणि २०१९ मध्ये वयाची अट ओलांडून गेली होती. २०२५ पासून ही स्पर्धा कतारमध्ये दरवर्षी, ४८ संघांची होऊ लागल्याने हा अन्याय बऱ्याच अंशी दूर झाला आहे.

यादीत कोण नाही, हेही टिपून ठेवावे. २०१७ मध्ये ब्राझीलच्या निवडलेल्या चमूतून विनिसियस ज्युनियर भारतात आलाच नाही, कारण फ्लामेंगो क्लबने त्याला सोडले नाही, आणि तोवर रेआल माद्रिदने त्याच्याशी व्यवहारही ठरवून टाकला होता. इंग्लंडचा जेडन सँचो साखळी सामने खेळून जर्मनीतल्या आपल्या डॉर्टमुंड क्लबकडे परतला. वरिष्ठ संघाला ज्या मुलाची गरज भासू लागली आहे तो वयोगटाच्या स्पर्धेत नसण्याचा संभव अधिक असतो, हे ध्यानात घेतले नाही तर स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूलाच त्या वयाचा जगातील सर्वोत्तम समजण्याची गफलत होते.

मैदानावर: चेंडूवरून नजर काढा

टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, आणि आपणही त्याच्यामागे. खेळाडू पारखायचा असेल तर ही सवय मोडावी लागते. शक्य असेल तर स्टेडियममध्ये वरच्या मजल्यावर, गोलपोस्टच्या बाजूच्या कोपऱ्याकडे बसावे. डी. वाय. पाटील स्टेडियम क्रिकेटसाठीही वापरले जात असल्याने तिथे प्रेक्षक मैदानापासून जरा लांब बसतात, याची अनेकांनी तक्रार केली होती, पण संघाची मांडणी आणि मोकळ्या जागा समजून घ्यायला तीच जागा उत्तम. एक खेळाडू निवडावा आणि सलग पंधरा मिनिटे केवळ त्यालाच पाहावे, चेंडू कुठेही असो. पंधरा मिनिटांनंतर दुसरा. एका सामन्यात चारांपेक्षा अधिक जणांच्या मागे लागू नये.

सर्वांत आधी मान पाहावी. चेंडू आपल्याकडे येण्याच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत मुलगा खांद्यावरून मागे वळून पाहतो का, एकदा पाहतो की दोनदा, हे मोजता येते. ज्याला मागे कोण उभे आहे हे आधीच ठाऊक असते तो चेंडू पुढच्या पायाने घेऊन त्याच हालचालीत वळतो. ज्याला ठाऊक नसते तो पाठमोरा राहतो, चेंडू थांबवतो आणि आला तसा मागे देतो. दोघांचाही पास आकडेवारीत ‘अचूक’ म्हणूनच नोंदला जातो. फोडनचे वेगळेपण इथे होते. इंग्लंडकडून तो उजव्या बगलेवरून आत येई आणि प्रतिस्पर्ध्याच्या मधल्या व बचावफळीच्या मधोमध, अर्धवट वळलेल्या स्थितीतच चेंडू घेई, त्यामुळे त्याच्या पहिल्या स्पर्शानंतर खेळ मागे न जाता पुढेच सरके. हे कसब वरिष्ठ फुटबॉलमध्ये जसेच्या तसे उपयोगी पडते, कारण ते वेगावर किंवा ताकदीवर अवलंबून नसते.

यानंतर पहिला स्पर्श. तो मोकळ्या जागेत नव्हे, तर अंगावर कोणी धावून येत असताना कसा होतो ते पाहावे. दुबळ्या पायावर चेंडू आला तर मुलगा तो वापरतो की चार पावले फिरून पुन्हा आवडत्या पायावर आणतो, हेही पाहावे. सतराव्या वर्षी त्या चार पावलांना वेळ मिळतो. एकविसाव्या वर्षी, अव्वल लीगमध्ये, मिळत नाही.

चेंडू गमावल्यानंतरची पाच सेकंदे ही माझ्या मते सर्वांत बोलकी असतात. काही मुले कमरेवर हात ठेवून पंचांकडे पाहतात, काही लगेच मागे धावतात, आणि अगदी थोडी मुले धावण्याआधी क्षणभर पाहून नेमक्या त्या पासच्या वाटेत उभी राहतात. या तिसऱ्या प्रकारच्या मुलाच्या नावापुढे ठळक खूण करावी.

सामन्याचा कल बदलतो त्या मिनिटांना विशेष जपावे. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत भारत-कोलंबिया सामन्यात ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जीक्सन सिंगने हेडर मारला आणि फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल झाला. स्टेडियम डोक्यावर घेतले गेले. त्यानंतर जेमतेम मिनिटभरात हुआन पेन्यालोसाने कोलंबियाचा दुसरा गोल केला आणि भारत १-२ असा हरला. त्या एका मिनिटाची चित्रफीत पुन्हा पाहण्यासारखी आहे, कारण गोल झाल्यावर कोण आपली जागा धरून उभा राहिला, कोणाचे पाय अजून जल्लोषातच होते आणि कोण सहकाऱ्यांना हाका मारून मागे ओढत होता, हे त्यात दिसते. हा दोष भारतीय मुलांपुरता नाही. मोठ्या सामन्यांचा सराव नसलेला कोणताही संघ अशा वेळी सैल पडतो. पारख करणाऱ्याने मात्र त्या सैल पडलेल्या संघात घट्ट राहिलेला एखाद-दुसरा मुलगा हेरावा.

याच्या उलट उदाहरण कोलकात्यातील अंतिम सामन्याचे. स्पेनच्या सर्जिओ गोमेझने पहिल्या ३१ मिनिटांतच दोन गोल केले होते. तिथून इंग्लंडने सामना ५-२ असा जिंकला. धावफलकावर फोडनचे दोन गोल दिसतात, पण ज्यांनी उजवीकडून स्टीव्हन सेसेन्यॉनची आणि डावीकडून कॅलम हडसन-ओडोईची न थकता चाललेली चाल पाहिली त्यांना स्पेनची बचावफळी दोन्ही बाजूंनी कशी ताणली गेली ते कळले. दोन गोलांनी मागे असताना इंग्लंडच्या मुलांनी लांब चेंडू उडवायला सुरुवात केली नाही, आपला खेळ बदलला नाही. हा धीर प्रशिक्षणाचा असतो तसाच वैयक्तिकही असतो, आणि तो कोणाकोणात आहे हे मागे पडल्याशिवाय दिसत नाही. म्हणून सगळे सामने सहज जिंकणाऱ्या संघातील मुलांविषयी मत बनवायची घाई करू नये.

जागेनुसार वेगळा निकष

आघाडीपटूकडे सर्वांचे लक्ष जाते, आणि नेमका त्याचाच अंदाज सर्वाधिक चुकतो, कारण या वयात निव्वळ वेगावर गोल होतात. मध्यबचावपटू शांतपणे मोठे होतात. मार्क गेही २०१७ च्या विजेत्या संघात होता, अंतिम सामन्यात त्याने गोलही केला, पण तेव्हाच्या चर्चेत त्याचे नाव मागेच राहिले. पुढे तो क्रिस्टल पॅलेसचा कर्णधार आणि इंग्लंडच्या वरिष्ठ संघाचा आधार झाला. त्याच चमूतला कॉनर गॅलाघर तर त्या स्पर्धेत फारसा कोणाच्या तोंडी नव्हता. बचावपटूंमध्ये अखेरच्या क्षणी घसरून चेंडू काढणाऱ्याचे कौतुक होते, परंतु ज्याला घसरावे लागतच नाही तो अधिक वरचा.

गोलरक्षकांच्या बाबतीत शक्यतो मत राखूनच ठेवावे. ही जागा उशिरा पिकते. २०१७ चा सर्वोत्तम गोलरक्षक, ब्राझीलचा गाब्रिएल ब्राझाव, युरोपात बस्तान न बसल्याने मायदेशी परतला आणि सांतोसच्या गोलमध्ये उभा राहिला.

गोलांचे आकडे कसे वाचावेत

गोल कोणाविरुद्ध, कोणत्या फेरीत आणि किती सामन्यांत विभागून झाले, हे विचारल्याशिवाय एकूण आकडा वाचू नये. २०१९ च्या २० वर्षांखालील विश्वचषकात नॉर्वेचा अर्लिंग हालांड नऊ गोलांसह अव्वल ठरला, पण ते नऊच्या नऊ गोल होंडुरासविरुद्धच्या १२-० अशा एकाच सामन्यातले होते आणि नॉर्वे साखळीतच बाद झाला होता. हालांड पुढे जगातला अव्वल आघाडीपटू झाला हे सांगायला नको, मात्र त्याची साक्ष त्या नऊ गोलांत नव्हती. नॉर्वेतल्या मोल्डे क्लबकडून वरिष्ठ फुटबॉलमध्ये त्याने आधीच केलेल्या गोलांत होती. आता ४८ संघांमुळे असे एकतर्फी सामने वाढणार. २०२५ मध्ये मोरोक्कोने न्यू कॅलेडोनियाला १६-० असे हरवले. अशा सामन्यातले गोल तक्त्यातून वजा करून पाहावेत आणि शेवटच्या सोळा संघांपासूनच्या सामन्यांना अधिक मोल द्यावे.

बाद फेरीतले गोलही भवितव्याची हमी देत नाहीत. इंग्लंडकडून खेळणाऱ्या, लिव्हरपूल क्लबच्या रियान ब्रुस्टरने २०१७ मध्ये फातोर्ड्यावर अमेरिकेविरुद्ध आणि लगेच पुढच्या सामन्यात कोलकात्यात ब्राझीलविरुद्ध हॅट्ट्रिक केली, आणि आठ गोलांसह तो स्पर्धेत अव्वल राहिला. ब्राझीलविरुद्ध उपांत्य फेरीत तीन गोल हे काही लिंबूटिंबू संघाला झोडपणे नव्हे. पण जानेवारी २०१८ मध्ये त्याला पायाची गंभीर दुखापत झाली, वर्षाहून अधिक काळ तो बाहेर राहिला, आणि नेमक्या घडण्याच्या वयातली ती वर्षे भरून निघाली नाहीत. २०११ मध्ये चार सामन्यांत नऊ गोल करणारा आयव्हरी कोस्टचा सुलेमान कुलिबाली इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबकडे गेला, पण तिथल्या वरिष्ठ संघात त्याला लीगचा एकही सामना मिळाला नाही. उलट २०१५ मध्ये दहा गोल करणारा नायजेरियाचा व्हिक्टर ओसिमेन जर्मनीत वोल्फ्सबुर्गकडून एकही गोल करू शकला नव्हता. तेव्हा ज्यांनी त्याच्या नावावर काट मारली त्यांना २०२२-२३ च्या हंगामात नापोलीकडून इटालियन लीगमध्ये २६ गोल करून तो सर्वाधिक गोल करणारा ठरलेला पाहावा लागला. बेल्जियममध्ये शार्लरुआ आणि मग फ्रान्समध्ये लील असा एकेक पायरीचा प्रवास त्याच्या कामी आला.

स्पर्धेनंतरची तीन वर्षे

म्हणून टिपणवही स्पर्धेबरोबर मिटू नये. दर सहा महिन्यांनी प्रत्येक खुणेच्या नावापुढे एकच आकडा लिहावा: वरिष्ठ फुटबॉलमध्ये मिळालेली मिनिटे. क्लबचे नाव किती मोठे आहे हा मुद्दा गौण आहे. फोडनला मँचेस्टर सिटीने स्पर्धेनंतर महिन्याभरात, नोव्हेंबर २०१७ मध्ये, फेयेनूर्डविरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्ये उतरवले आणि पुढे जपून, पण सातत्याने खेळवले. गेही आणि गॅलाघर हे दोघे आपल्या चेल्सी क्लबात बसून राहिले नाहीत. उसनवारीवर खालच्या पायरीवरच्या क्लबांत जाऊन, भर पावसात, बाप्ये खेळाडूंच्या कोपरांचा मार खात ते तयार झाले.

भारताच्या त्या संघाची वाट निराळी होती. भारतीय फुटबॉल महासंघाने त्यातील बहुतेक मुलांना इंडियन ॲरोज या संघातून २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये एकत्र खेळवले, हा निर्णय चांगला होता, कारण अठराव्या वर्षी त्यांना पूर्ण हंगामाचे सामने मिळाले. त्यानंतर मुले इंडियन सुपर लीगच्या क्लबांत विखुरली, जिथे आघाडीच्या आणि मधल्या फळीच्या मोक्याच्या जागांवर बहुधा परदेशी खेळाडू असतात. जीक्सन केरळ ब्लास्टर्समध्ये आणि सुरेश सिंग वांगजाम बेंगळुरूमध्ये नियमित खेळू लागले आणि वरिष्ठ भारतीय संघापर्यंत पोहोचले. अन्वर अलीला हृदयविकाराच्या निदानामुळे खेळ थांबवावा लागला होता. न्यायालयाची पायरी चढून तो परतला आणि भारतीय बचावफळीत स्थिरावला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या चमूत आघाडीला होता. आघाडीच्या भारतीय मुलाला सुपर लीगमध्ये मिनिटे मिळवणे किती कठीण असते, हे समजून घ्यायचे असेल तर त्याचे हंगाम एकेक करून पाहावेत.

पालकांसाठी काही नियम

स्पर्धेत मुलगा चमकला की दलालांचे फोन सुरू होतात. ‘युरोपात नेतो’ असे सांगणाऱ्याला पहिला प्रश्न वयाचा विचारावा. फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी खेळाडूची दुसऱ्या देशातील क्लबात बदली होऊ शकत नाही. आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात स्थलांतरित झाले असतील, दोन्ही क्लब युरोपीय संघाच्या क्षेत्रातले असून मुलगा सोळा वर्षांचा झाला असेल, किंवा घर आणि क्लब दोन्ही सरहद्दीपासून जवळ असतील, असे मोजके अपवाद आहेत, आणि भारतातल्या मुलाला त्यातला बहुधा एकही लागू होत नाही. अल्पवयीन खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांहून अधिक मुदतीचा असू शकत नाही. परवानाधारक एजंटलाही पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलाशी बोलणी करता येत नाहीत. यातले काही टाळून ‘आधी सही करा’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची, आणि ती मुलाइतकीच त्याला घडवणाऱ्या लहान क्लबांच्या हिताची आहे. खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली झाली की हस्तांतर शुल्कातील पाच टक्के रक्कम, तो बारा ते तेवीस या वयात ज्या-ज्या क्लबात नोंदलेला होता त्यांच्यात वाटली जाते. बारा ते पंधरा या वयाच्या प्रत्येक वर्षासाठी एकूण शुल्काच्या ०.२५ टक्के आणि सोळापासून पुढे प्रत्येक वर्षासाठी ०.५ टक्के, असे हे प्रमाण आहे. कोल्हापुरात तालीम मंडळांचे संघ आहेत, मुंबई-पुण्यात आणि गोव्यात गावोगावचे क्लब आहेत, आणि त्यांतले कितीतरी बाराव्या वर्षीच्या मुलाची नोंद महासंघाच्या मध्यवर्ती नोंदणी प्रणालीत करायचे राहून देतात. मुलगा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आपल्याकडे होता, हे प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीलाच नोंदवून त्याची छापील प्रत मंडळाच्या दप्तरात आणि एक प्रत पालकांच्या फाइलीत, जन्मदाखल्याच्या शेजारी, लावून ठेवावी.